रक्त थांबवायची शिकवणी

कडूबानाना घाटी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एकतीस वर्षं ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, टाके घालणाऱ्या डॉक्टरच्या हाताशी उभं राहायचं. निवृत्त होऊन पाचोडजवळच्या आपल्या गावी आले तेव्हा मोसंबीची बाग सांभाळत निवांत राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण डोक्यातून ती कॅज्युअल्टी काही जाईना.

जखमेत भरलेलं काय काय पाहिलं होतं त्यांनी! हळद, चहापत्ती, तंबाखू, चुलीतली राख. एकदा तर टूथपेस्ट. माणूस जीपमध्ये पांढराफटक पडलेला, सोबत बारा नातेवाईक रडतायत, आणि बारांतल्या एकाचाही तळहात जखमेवर नाही. "अरे, दाबून तरी धरायचं होतं!" असं ओरडून नानांचा घसा बसायचा. तोवर माणूस संपलेला असायचा.

गाव हायवेला लागून. महिन्याकाठी एखादा अपघात ठरलेला. म्हणून नानांनी दर मंगळवारी मारुतीच्या सभामंडपात शिकवणी सुरू केली. मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबला चीर पाडायची, आत पंपानं कुंकवाचं पाणी सोडायचं आणि एकेकाला पुढं बोलवायचं.

"कापड जखमेत कोंबायचं. वर दोन्ही तळहात. अंगाचा सगळा भार टाकायचा. आणि थांबलं का म्हणून बघायला हात उचलायचा नाय!"

पहिला गडी दाबायचा आणि लगेच हात उचलून बघायचा. दुसराही तेच. तिसरा विचारायचा, "नाना, आधी हळद लावून मग दाबलं तर?" नाना ट्यूब खाली ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

सरपंच काकासाहेबांची तऱ्हा आणखी वेगळी. शहरातल्या एका संस्थेनं गावाला दहा पाऊच दिले. प्रत्येकात जखमेत कोंबायची पट्टी आणि हातापायाला आवळायचा रुंद पट्टा. काकासाहेबांनी बॅनर लावला, शाल-श्रीफळ केलं, फोटो काढले आणि दहाच्या दहा पाऊच पंचायतीच्या कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली ग्रामसेवकाकडं. ग्रामसेवक सोमवारी आणि गुरुवारी यायचा.

"रक्त काय वार बघून वाहतं का?" नाना भडकले.

"नाना, पंचायतीच्या ताब्यातला माल हाय," काकासाहेब शांतपणे म्हणाले. "हरवला तर जबाबदार कोण?"

या सगळ्यांच्या वर दगडाबाई. धनगराची बाई, साठीला आलेली. सुगीनंतर तिचा मेंढरांचा वाडा गावाशेजारच्या रानात बसायचा. शिकवणीला ती सभामंडपाच्या पायरीवर बसायची, एक डोळा नानांवर, एक मेंढरांवर. मध्येच उठून "हिर्रऽऽ" करत पळायची, परत येऊन विचारायची, "काय म्हनलात, नाना?" आणि प्रश्न तरी किती!

"मेंढराला बी असंच दाबायचं का?"

"आन् हातात जोर नसंल तर गुडघा रोवला तर चालंल का?"

"बाई, मी तळहात सांगतोय ना! गुडघ्याचं कशाला काढता?" नाना वैतागून म्हणायचे. शेवटी शिकवणी पुरी केलेल्यांना त्यांनी प्रमाणपत्रं दिली, तेव्हा दगडाबाईचं नाव त्यांत नव्हतं. एकही मंगळवार ती पूर्ण बसली नव्हती.

जानेवारीतल्या एका बुधवारी दुपारी नाना पाचोडला मोसंबीच्या अडतीवर होते. फोन वाजला. गावातल्या आप्पासाहेबांची बायको, भागूबाई.

"नाना, ह्यांच्या मांडीत ग्राइंडरचं पातं तुटून शिरलं वो! पंचायतीम्होरं पाइपलाइनचा पाइप कापत व्हते. रगत नुसतं उडतंय!"

"दाबा! कापड कोंबून दाबा!"

"काय? काय म्हनता?" पाठीमागं कालवा चाललेला. मग कुणा पुरुषाचा आवाज, "नाना, हळद आणलीय, किती टाकू?"

"हळद फेक तिकडं! दाब म्हणतो ना!"

"पाणी पाजू का?"

"अरे दाऽऽब!" सगळी अडत वळून बघायला लागली. फोन या हातातून त्या हातात फिरत होता. प्रत्येकाला नाना तेच सांगत होते आणि प्रत्येक जण तो दुसऱ्याला देत होता. प्रमाणपत्रवाले चौघंजण तिथं उभे होते, हे नानांना नंतर कळलं. शेवटी एक दमदार आवाज आला.

"नाना, मी दगडाबाई. पदर कोंबलाय, वर बसलेय. आता फोन ठिवा, मला बोलायला सवड नाय."

नानांनी १०८ला फोन लावला आणि एका ओळखीच्याच्या मोटारसायकलवर मागं बसले. सात किलोमीटर. प्रत्येक गतिरोधकाला त्यांनी शिव्या घातल्या.

पंचायतीसमोरच्या मोकळ्या जागेत शंभर माणसं गोळा झालेली. निम्म्यांचे मोबाइल वर. "सरका!" करत नाना आत घुसले. आप्पासाहेब मातीत आडवे, ओठ पांढरे. दगडाबाईनं एक गुडघा त्यांच्या जांघेत रोवला होता आणि दोन्ही हातांनी मांडीतला पदराचा बोळा दाबून धरला होता. तिचे हात जराही हलत नव्हते.

"काढू नका हात," नाना म्हणाले.

"काढंल कशाला? तुम्हीच सांगितलंय न्हवं."

बोळा भिजून कडेनं अजून पाझरत होतं. पट्टा हवा होता, आणि पट्टा दहा पावलांवर कपाटात होता. काकासाहेब कानाला फोन लावून उभे. "ग्रामसेवक उचलंना," ते म्हणाले.

नानांनी पाइपलाइनसाठी खणलेल्या चारीजवळ पडलेली पहार उचलली. "नाना, पंचनामा व्हईल!" कुणीतरी ओरडलं. नानांनी पंचायतीत शिरून एका हिसक्यात कपाटाचा कडीकोयंडा उपटला.

जखमेच्या वर त्यांनी पट्टा आवळला, त्यातली दांडी पिळली. आप्पासाहेब किंचाळले.

"सैल करा, नाना, दुखतंय त्यांना!" भोवतालचे कळवळले.

"दुखू द्या! वराडतोय म्हंजी जिता हाय!" आणखी एक पीळ दिल्यावर पाझरणं थांबलं. नानांनी खिशातला पेन काढून आप्पासाहेबांच्या पायावर पट्टा आवळल्याची वेळ लिहिली, दोन वाजून चाळीस. तेवढ्यात अ‍ॅम्ब्युलन्स आली. दगडाबाईची बोटं उघडेनात, नानांनी ती एकेक करून सोडवली.

आप्पासाहेब वाचले. शस्त्रक्रिया झाली, वीस दिवसांनी घरी आले, थोडं लंगडतात. पेपरात बातमी आली, 'सरपंचांच्या सतर्कतेमुळे शेतकऱ्याचे प्राण वाचले'. आणि नानांना पंचायतीचं पत्र आलं की कपाट का फोडलं, त्याचा लेखी खुलासा करावा.

नानांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग त्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं.

खुलासा भागूबाईनं दिला. ग्रामसभेत ती उभी राहिली. "नवऱ्याचं रगत ह्या दारात सांडलं. काकासाहेब, तुमची किल्ली तवा कुठं व्हती, ते आधी लिहून द्या." उरलेले नऊ पाऊच त्याच दिवशी वाटले गेले. गॅरेजात, पिठाच्या गिरणीत, शाळेत, हायवेच्या टपरीवर, कुलपाशिवाय.

नाना दगडाबाईच्या वाड्यावर गेले. तिच्या हाती त्यांतलाच एक पाऊच दिला आणि म्हणाले, "गुडघ्याचं तुमचं बरोबर होतं. मीच ऐकून घेतलं नाही. आता शिकवणीला बसू नका, शिकवायला या."

"मेंढरं कोण बघंल?"

"मी बघतो मंगळवारचा तासभर."

दगडाबाई आली. तिच्यापुढं ट्यूबवरून कुणी हात उचलला की ती त्याच्या मनगटावर फटका मारते. हळदीचं नाव काढणाऱ्याला उठून जायला सांगते. आणि नाना बाहेर रानात काठी घेऊन, बांधावरून पिकात शिरणाऱ्या मेंढरांमागं धापा टाकत पळत असतात. एकही मेंढरू त्यांचं ऐकत नाही.