होळीआधीची शेवटची जीप

आश्रमातून मला चौथ्या दिवशी हाकललं, हे आधीच सांगून टाकते. चिपळूणच्या आमच्या भिशीत जी कुजबूज चाललीय, ती तरी थांबेल.

निघताना केवढा थाट! निवृत्त नर्स सातपुड्यात अनाथ मुलांची सेवा करायला निघाली म्हणून भिशीतल्या बायकांनो, तुम्ही रव्याचे लाडू दिलेत, जुन्या फ्रॉकांचं गाठोडं बांधून दिलंत. एकीने तर माझे डोळे पुसले. ते कोरडे होते.

नंदुरबारहून एसटीने शहादा गाठलं. तिथून धडगावच्या घाटाला लागलो आणि एका वळणावर लाडवांचा डबा उघडून शेजारच्या आजोबांच्या मांडीवर रवाच रवा झाला. त्यांनी तो निमूट चिमटीने वेचून खाल्ला. "गोड शे," म्हणाले. बाहेर पानं गळालेला साग, आणि डोंगराच्या उतारावर एकमेकांपासून लांब लांब एकेक घर. धडगावच्या पुढे जीपने तासभर गेल्यावर आश्रम आला. पत्र्याची लांबट इमारत आणि तिच्याहून मोठा फलक.

पहिले दोन दिवस खरूज, उवा आणि वाढलेली नखं यांत गेले. मुलं गोड होती. सात-आठ वर्षांची रमिला नखं कापून झाल्यावरही माझा पदर सोडत नव्हती. जेवायला मक्याची भाकर आणि उडदाची डाळ. मी भाकर थापायला गेले तर ती तव्यापर्यंत पोचायच्या आत मोडली. स्वयंपाकाच्या बाई पोट धरून हसल्या. मी म्हटलं, "बिचारी अनाथ लेकरं, चांगली भाकर तरी मिळू दे त्यांना."

बाईंचं हसू थांबलं. "अनाथ कसाना वं ताई? यास्ना मायबाप ऊस तोडाले जायेल शेतस (ऊस तोडायला गेलेत). होळीले येतीन."

मी तडक व्यवस्थापक सरांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, गावाला आई-बाप असलेल्या मुलांना कपडे कोण देतं? तुम्ही तरी आला असतात का?"

मी जास्तच चिडले.

इथे दिवाळीचं फारसं काही नसतं. वर्षाचा सण म्हणजे होळी. माणूस कुठेही राबत असो, होळीला आणि तिच्याआधीच्या भोंगऱ्याला (होळीआधीचा मोठा बाजार) घरी येणार म्हणजे येणारच. चौथ्या दिवशी दुपारी रमिलाची आई आली, ती थेट खाली कळसाडी गावच्या उसातूनच. हातांवर पाचटाचे ओरखडे, काखेत उसाची दोन कांडकी आणि पिशवीत लेकीसाठी नवं पोलकं. घरी पावरी बोलणारी ती बाई उसात शिकलेल्या अहिराणीत मला म्हणाली, "पोरले लेवाले उनू (पोरीला न्यायला आले). शेवटनी जीप निंघी जाई." ती जीप गेली की त्यांची होळीच गेली.

नेमकं त्याच दिवशी सुरतेचं एक कुटुंब मुलाचा वाढदिवस करायला यायचं होतं. ताटं मांडून मुलं सकाळपासून ताटकळत बसलेली, पाहुण्यांचा पत्ता नाही. सरांनी रमिलाच्या आईला स्वयंपाकघरामागे लाकडांपाशी बसवलं. "पाहुणे जाईपर्यंत पुढे यायचं नाही. फोटोत आली तर घोटाळा होईल."

पाहुणे आले. केक कापला, फोटो झाले. पाहुण्या बाईंनी रमिलाला जवळ घेऊन विचारलं, "बेटा, तुला आई आठवते?"

रमिलाने हात जोडले. "आम्हाला कोणी नाही. तुम्हीच आमचे आईबाप." बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

खाली जीपचा हॉर्न वाजला आणि माझं डोकं फिरलं. मी रमिलाचं मनगट धरलं, सगळ्यांच्या देखत तिला मागे नेलं आणि तिच्या आईला हाताला धरून पुढे आणलं. "ही हिची आई. जिवंत आहे. आणि ही आत्ता लेकीला घेऊन घरी जाणार आहे."

सर मला एवढंच म्हणाले, "तुम्हीही त्याच जीपने निघा." माझी पिशवी माझ्या हातात दिली. फ्रॉकांचं गाठोडं मात्र ठेवून घेतलं.

जीपमध्ये माणसं, कोंबड्या, एक ढोल. टपावरही माणसं. सगळे हसत होते. रमिला आईच्या मांडीवर ऊस चघळत होती. मलाही हलकं वाटलं, म्हणून लाडवाचा चुरा पुढे करत मी लाडाने विचारलं, "काय गं, कुणाची तू?"

रमिलाने ऊस खाली ठेवला. आईच्या मांडीवर बसूनच हात जोडले. "आम्हाला कोणी नाही. तुम्हीच आमचे आईबाप."

एवढी मराठी तिच्या आईला कळत होती. तिने लेकीचे जोडलेले हात सोडवले, एका हातात ऊस परत दिला आणि दुसरा हात आपल्या मुठीत धरून बसली. माझ्याकडे तिने उतरेपर्यंत पाहिलं नाही.

परवा भिशीत तुम्ही विचारलंत, "फ्रॉक पोचले ना?" मी म्हटलं, पोचले, पण त्या मुलांना आईबाप आहेत. आता पुढचं गाठोडं कोण देणार? कुणी चहा ढवळला, कुणी मोबाइल उघडला. सरांवर मी अजून चिडलेली आहेच. पण ते वाक्य त्यांनी रमिलाकडून तुमच्या-माझ्यासाठीच पाठ करून घेतलं होतं.