विरोधी उमेदवार मिळण्याबाबत

विषय : श्रीमती अंजनाबाई, धाडजवळच्या एका गावच्या रहिवासी, यांना लोकल बोर्डाच्या निवडणुकीत मत देता यावे याबाबत.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हा मी कचेरीत कारकून होतो. कचेरीत धूळ आणि किस्से आपोआप साचतात. धूळ झाडायला चपराशी असतो. किस्से मात्र निवृत्त माणसाला स्वतःच झाडावे लागतात.

* * *

अंजनाबाई विधवा. नवऱ्यामागे शेत त्यांच्या नावावर झालं आणि मतदारांत नाव आलं. मतदानाच्या ठरल्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून बाई शाळेत हजर! शाळेला कुलूप. मी वसुलीच्या कामानं गावातच होतो.

"बाई, नानासाहेब देशमुख बिनविरोध आले. मतदान नाही."

"काऊन नाही? मले कोनं इचारलं?"

"विचारायची गरज पडली नाही."

"मंग माह्यं नाव कायले घातलं बे?"

सरकारी माणसाला 'बे' म्हणणारी मतदार मी प्रथमच पाहिली.

* * *

पुढच्या खेपेला तेलघाण्याचे मालक शामराव उभे राहिले. गावात चुरस लागली. बाईंनी लुगडं पुन्हा काढलं. आणि अर्ज मागे घ्यायच्या दिवशी शामराव हसत कचेरीत आले. त्यांच्या मुलीचं नानासाहेबांच्या मुलाशी जमलं होतं!

"व्याह्याच्या विरोधात उभं राहनं बरं दिसते का, बाबूजी?"

लग्नाला सगळं गाव जेवलं. अंजनाबाई तेवढ्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याईनं माह्यं मत खाल्लं. आता मी त्याईची बुंदी काऊन खाऊ?"

* * *

तिसऱ्या खेपेला बाई स्वतःच उमेदवारी अर्ज भरायला आल्या.

"नानासाहेबांवर राग आहे का?" हेडक्लार्कनं विचारलं.

"राग कायचा? चांगला मानूस हाय. मी त्याईलेच मत देनार हाय."

"मग उभ्या कशाला राहता?"

"दुसरं कोनी उभं राहीन, तवाच मतदान होईन ना!"

आम्ही नियम उलटेपालटे करून पाहिले. असं करू नये, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

* * *

मतदानाला गाव लोटलं. मतदार आणायला नानासाहेबांच्या माणसांनी दमणी जुंपली, तशी बाईंच्या भाच्यांनीही. दोन्ही बैलजोड्या शंकरपटात पळणाऱ्या! रस्त्यावरच शर्यत लागली. मत देऊन झालेले लोक घरी जाऊन पुन्हा दमणीत बसू लागले.

"तुमचं झालं ना मत?" मी एकाला अडवलं.

"मत झालं हो, बाबूजी. जोडीचा निकाल राह्यला ना!"

* * *

त्याच गर्दीत बांधावरून अबोला धरलेले दोन भाऊ होते. धाकटा खास जालन्याहून आलेला. "थोरला मत देनार म्हनते. माह्या मतानं त्याचं मत माराले आलो!"

लिहिता न येणाऱ्यानं अधिकाऱ्याजवळ हळूच नाव सांगायचं, अशी रीत होती. मी शेजारीच होतो. दोघांनीही एकच नाव सांगितलं. गुप्ततेचा नियम असल्यामुळे भावांना मी हे कधीच कळवलं नाही. अबोला कायम राहिला.

* * *

इतकं मतदान कशानं झालं, अशी नागपूरहून विचारणा आली. मी मसुद्यात लिहिलं, "दुसरा उमेदवार होता." साहेबांनी ते खोडून लिहिलं, "हवामान अनुकूल होते." त्या दिवशी उन्हानं मतपेटीची लाख वितळत होती! असो. आमच्या कचेरीचं नाव नागपूरपर्यंत गेलं, याचा अभिमान मला आजही आहे.

* * *

निकाल लागला. अंजनाबाई निवडून आल्या!

त्या तावातावानं कचेरीत आल्या. "म्या नानाले मत देलं, अन् लोकाईनं मलेच काऊन निवडलं?"

पण मेंबरी त्यांनी अशी केली की बोर्डाला गावासाठी विहीर खणावी लागली आणि शाळेवर कौलं चढली. पुढची निवडणूक आली तेव्हा त्यांच्याविरुद्ध उभं राहायला कुणी धजेना. नानासाहेबांनी तर लांबूनच हात जोडले.

बाईंनी कचेरीत अर्ज दिला : 'माझ्याविरुद्ध एक उमेदवार सरकारने पुरवावा.'

अर्ज नागपूरला रवाना केला. मी निवृत्त झालो तेव्हा तो विचाराधीन होता.