सकाळी न मिटणारी मूठ

लग्नानंतरच्या दुसऱ्याच हिवाळ्यात माझ्या मुठी सकाळी मिटेनाशा झाल्या. आम्ही खापरखेड्याला वीज केंद्राच्या कॉलनीत राहत होतो. नवऱ्याची पहिली पाळी असली की डबा सासूबाई करायच्या आणि मी ओट्याशी नुसती उभी राहायची. कणीक मळायला बोटं वळायचीच नाहीत. दुपारपर्यंत ती मोकळी व्हायची, मग भांडी, धुणं सगळं व्हायचं. त्यामुळे माझं दुखणं कुणाला खरं वाटेना. "कामाच्या वेळेलेच बरे हात दुखते हिचे," असं नळावर एक शेजारीण बोलली. मी भरलेली बादली तिथंच ठेवून घरात आले.

सासूबाई मला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी शिकाऊ मुलांना बोलावलं. लुगडं वर सरकवून माझा सुजलेला गुडघा एकेकानं दाबून पाहिला. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मग डॉक्टर सासूबाईंना म्हणाले, "सांध्याला आतून पातळ अस्तर असतं. त्यातल्या पेशी वंगणासारखं पाणी तयार करतात. हिच्या त्या पेशी वाढल्यात. अस्तर सुजून जाड झालंय आणि हाडावरची कूर्चा खातंय. रात्रभर सांधा हलत नाही, म्हणून सकाळी जास्त आखडतो."

"म्हणजे पोरगी ढोंग करून नाही राहिली?"

"अजिबात नाही."

"मले माहीत होतं. तुमच्या तोंडून हिले ऐकवाचं होतं."

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई मला दारातल्या पायरीवर बसवून वेणी घालू लागल्या. येणारी-जाणारी प्रत्येक बाई बघायची. सासूकडून सेवा करून घेणारी सून! त्यापेक्षा आळशी म्हणवून घेणं बरं, असं वाटायचं.

"आई, आत बसू ना."

"काहून वं? चोरी केली का तू?"

गोळ्यांनी सूज उतरली, पण बोटं वाकडी व्हायची ती झालीच. चारचौघांत मी हात पदराखाली ठेवू लागले.

पुढे संत्र्याच्या तोडीला सासूबाई नरखेडकडे माहेरी गेल्या. त्या सकाळी मी विस्कटलेल्या केसांनीच चहा ठेवला. नवऱ्यानं उठून दार लावलं, फणी घेतली आणि माझ्यामागे बसला. तोही लाजलेला होता, माझी तर मान वर होईना. वेणी तिरपी झाली. त्यानं ती सोडली, पुन्हा घातली आणि पाळीला उशिरा गेला.