दार नसलेल्या घराची चावी

किल्लारीच्या भूकंपानंतर शिरूरच्या बाजारपेठेनं एक गाव दत्तक घेतलं. उमरगा तालुक्यातली निंबळवाडी. सगळं गाव दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेलेलं. मार्केट यार्डातले आडते, कापडवाले, एसटी डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर, शाळामास्तर, ज्याला जसं जमलं तसं प्रत्येकानं दिलं. समितीचे अध्यक्ष होते हनुमंतआप्पा. यार्डात त्यांची कांद्याची आडत होती आणि माणूस मनानं वाईट नव्हता. पहिल्या आठवड्यात भाकरी आणि घोंगड्या भरलेला ट्रक घेऊन ते स्वतः गेले होते. चिखलात उभं राहून त्यांनी प्रेतं उचलली होती. परत आले ते भर चौकात सांगत, "त्या माणसांना पक्की घरं बांधून देणार. शिरूरचा शब्द हाय."

जागा ठरली, ठेकेदार नेमला, पाया खणायला सुरुवात झाली. आता दर महिन्याला जाऊन काम कुठवर आलं ते बघून सांगायला कुणीतरी पाहिजे होतं. समितीतले सगळे धंदेवाले. एकदोनदा गेले, उन्हात फिरले, फोटो काढून आले. मग ज्याला त्याला काम निघायला लागलं. तेव्हा सुरेखाचं नाव पुढं आलं.

सुरेखा शिरूरातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. माहेर केडगावचं. वडील रेल्वेत होते, हातोडा घेऊन रोज रुळांवरून चालत जाणारे, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल झाली की ठोकून बसवणारे. आयटीआयचा कोर्स करून ती कामाला लागली आणि लग्न होऊन शिरूरच्या भीमनगरात आली. नवरा विनोद सणसवाडीला कंपनीत होता. त्याची ती नोकरी हनुमंतआप्पांच्या शब्दावर लागलेली. त्यामुळं आप्पांनी विचारलं तेव्हा विनोदच आधी म्हणाला, "जाईल की. तिला त्यातलं कळतंय."

मग दर महिन्याचा तिचा प्रवास सुरू झाला. शिरूरहून एसटीनं दौंड, दौंडहून रेल्वेनं सोलापूर, तिथून पुन्हा एसटी आणि शेवटी जीप मिळाली तर जीप, नाहीतर चालत. पहिल्या फेरीला निंबळवाडीच्या बाया तिच्याशी बोलल्याच नाहीत. पत्र्याच्या शेडच्या दारात बसून नुसत्या बघत राहिल्या. एक रंगुबाई तेवढी पुढं आली. चाळिशीची, उभ्या अंगाची. भूकंपात तिचा नवरा आणि थोरला मुलगा गेले होते.

"तुमी बी फोटू काढाय आलाव का?" तिनं विचारलं.

"न्हाई. माझ्याकडं कॅमेराच न्हाई."

"मग काय बघाय आलाव?"

"घरं कुठवर आली ते."

रंगुबाई हसली. "चला, दावते. पर मागनं सुरू करू. म्होरनं समदे बघत्यात."

नव्या गावठाणात घरांच्या तीन लाइनी आखल्या होत्या. रस्त्याला लागून पहिली, तिच्यामागं दुसरी आणि उताराला, ओढ्याच्या अंगाला तिसरी. पहिल्या दोन गावातल्या मोठ्या घरांच्या. तिसरीत बौद्ध वस्ती आणि शिवाय ज्यांच्यासाठी बोलणारं कुणी नव्हतं अशी पाचसहा घरं. सुरुवातीला तिन्ही लाइनींचे पाये बरोबरच खणले गेले होते. पण वर्षभरात पहिल्या लाइनीच्या भिंती उभ्या राहिल्या, भूकंपात भिंती धरून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा पडला, वर स्लॅब आला. मग दुसरीचं काम निघालं. तिसरी मात्र जोत्यावरच थांबली.

सुरेखानं ठेकेदाराला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, उताराला ट्रक जात नाही." तिनं स्वतः चालून बघितलं. ट्रक जात होता. मग म्हणाला, "पाणी नाही." बायकांनी हंड्यांनी आणून देतो म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "मिस्त्री दुसऱ्या गावाला गेलेत." ते मात्र खरं होतं. दोन लाइनी झाल्या की शेजारच्या गावातलं मोठं काम घ्यायचं हे त्यानं आधीच ठरवलेलं होतं, आणि निंबळवाडीच्या पुढाऱ्यांचीही तक्रार नव्हती. त्यांची घरं झाली होती.

शिरूरला आल्यावर ती प्रत्येक वेळी समितीच्या बैठकीत उभी राहून हे सांगायची. लोक मान हलवायचे, चहा यायचा, विषय पुढं सरकायचा. असं करता करता शहाण्णव साल उजाडलं. निवडणूक जवळ आली होती आणि आप्पांचं नाव चर्चेत होतं. फेब्रुवारीच्या बैठकीत आप्पांनी जाहीर केलं, "पाडव्याला घरांच्या चाव्या द्यायच्या. शिरूरातनं दोन गाड्या भरून माणसं न्यायची. कार्यक्रम झोकात झाला पायजे."

सुरेखा उठली. "आप्पा, तिसरी लाइन जोत्यावरच हाय."

"होईल ती. दोन झाल्या, तिसरी बी होईल."

"मग झाल्यावर द्या चाव्या."

"तसं कसं? पाडवा ठरलाय. त्या लोकांना बी चाव्या देऊ की. सगळ्यांना सारखा मान. घरं मागनं मिळतील."

सभागृहात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सुरेखाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आप्पा," ती म्हणाली, "घराला दार न्हाई. भिंतच न्हाई तर दार कुठनं असंल? चावी कशाची देताय?"

"प्रतीक असतंय ते, पोरी."

"तुम्ही तुमच्या पोराला असलं प्रतीक द्याल का राहायला?"

आप्पांचा चेहरा लाल झाला, पण ते आवाज न चढवता म्हणाले, "काम बघायला पाठवलंय तुला. उद्घाटनाला तू म्हणायचं, काम समाधानकारक हाय. एवढंच. मोठं भाषण नको."

"ते मी म्हणणार न्हाई," सुरेखा म्हणाली आणि खाली बसली.

दोन दिवसांनी कंपनीच्या गेटवर विनोदला निरोप मिळाला, बायकोला समजवा. कुणी पाठवला ते सांगायची गरज नव्हती. विनोद घरी आला तो तणतणत. "तुला काय पडलंय गं? तुझं गाव हाय का ते? माझी नोकरी जाईल."

सुरेखा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. "नोकरी आप्पांनी दिली, व्हय. पण तिच्याबरोबर माझी जीभ न्हाई दिली त्यांना."

"म्हंजी मी काय करू?"

"तुम्ही सांगा मला. तिथं आपली आई असती, ओढ्याकडंला पत्र्यात, आन् कुणी तिच्या हातात चावी देऊन टाळ्या वाजवल्या असत्या, तर तुम्ही गप बसला असता?"

विनोद ताटावर बसला. जेवला, ताट सरकवलं. मग म्हणाला, "जायचं तर जा. पण एकटी नको जाऊ. मी बी रजा टाकतो."

पाडव्याच्या आधी दोन दिवस दोघं निंबळवाडीला पोचली. सुरेखानं तिसऱ्या लाइनीतल्या बाया गोळा केल्या आणि बैठकीत काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ऐकून काहीजणी रडल्या. काही म्हणाल्या, जे मिळतंय ते घ्यावं, उगीच वाईटपणा घेतला तर तेही जाईल. रंगुबाई शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "चावी देनार म्हन्ल्यावर घ्यायची. घर म्हन्ल्यावर घरात जायचं. आन् घरात गेलं म्हंजी पाव्हन्याला जेवू घालायचं. त्यात वाईटपना कसला?"

पाडव्याला शिरूरच्या दोन गाड्या धुरळा उडवत आल्या. मांडव घातला होता, हार होते, पाहुणे होते. पहिल्या लाइनीतल्या लोकांना चाव्या दिल्या गेल्या, टाळ्या झाल्या. मग दुसऱ्या लाइनीच्या. मग निवेदकानं रंगुबाईचं नाव पुकारलं.

रंगुबाई स्टेजवर चढली. धुवट नऊवारी, कपाळ मोकळं. आप्पांनी तिच्या हातात लाल फीत बांधलेली चावी ठेवली. तिनं ती डोक्याला लावली. फोटो निघाला. आता ती खाली उतरेल म्हणून निवेदक पुढचं नाव बघायला लागला. ती उतरली नाही.

"आप्पा," ती माइकच्या बाजूला तोंड करून म्हणाली, "चावी दिलीव, लई उपकार. आता चला, कुलूप उघडून द्या."

"मावशी, तुम्ही जावा की. पुढचा कार्यक्रम..."

"घरधन्याला सोडून घरात कसं जायाचं? तुमी दिलंया घर. तुमीच पयलं पाऊल टाका. चला, सैपाक झालाय."

ती खाली उतरली आणि सरळ उताराच्या दिशेनं चालायला लागली. मांडवात बसलेल्या तिसऱ्या लाइनीच्या बाया उठल्या आणि तिच्यामागं गेल्या. त्यांची पोरंबाळं, म्हातारी माणसं गेली. शिरूरची मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. मग कुतूहलानं म्हणा, जेवणाच्या नावानं म्हणा, एकेकजण उठला. मांडव रिकामा होत गेला तसं आप्पांनाही जावं लागलं.

ओढ्याच्या अंगाला नुसती जोती होती. फटीफटीतून एरंड उगवला होता. प्रत्येक जोत्याच्या एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल पेटली होती, दुसऱ्या कोपऱ्यात बुद्धाची नाहीतर ज्याच्या त्याच्या देवाची तसबीर विटेला टेकवून ठेवली होती. जिथं उंबरा असायचा तिथं बायांनी रांगोळी काढली होती. सुरेखा रंगुबाईच्या जोत्यावर पत्रावळ्या मांडत होती आणि विनोद पाणी वाढत होता. वर उन्हानं रखरखलेलं आभाळ.

"या," रंगुबाई म्हणाली. "ह्या अंगाला बसा, ही माझी बैठकीची खोली. तिकडं सैपाकघर. डोस्कं सांभाळून या, वर छत न्हाई, ऊन लागंल."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. शिरूरातले एक म्हातारे कापडव्यापारी, ज्यांनी तोवर एकाही बैठकीत तोंड उघडलं नव्हतं, त्यांनी चपला काढल्या, रांगोळी ओलांडून आत गेले आणि मांडी घालून बसले. मग डेपोतले दोघं बसले. मग मास्तर. जेवताना घाम डोळ्यात उतरत होता. भाकरी संपल्या की बाया म्हणायच्या, "आनखी घ्या, घर तुमचंच हाय."

आप्पा मात्र जोत्याबाहेर उभे होते. त्यांनी सुरेखाकडं बघितलं. "हे तुझं काम."

"माझं काम बघायचं हुतं, आप्पा," ती म्हणाली. "मी बघितलं. आता सगळ्यांनी बघितलं."

आप्पा न जेवता गाडीत जाऊन बसले.

शिरूरला परतल्यावर जे व्हायचं ते झालं. सोमवारी विनोदला गेटवरूनच परत पाठवलं. दुसरं काम मिळेपर्यंत तीन महिने तो यार्डातच हमाली करत होता, आप्पांच्या आडतीसमोर, मुद्दाम. समितीनं सुरेखाला कळवलं की यापुढं येण्याची गरज नाही. पण त्या दिवशी उन्हात जेवलेली माणसं गप्प बसली नाहीत. म्हाताऱ्या कापडव्यापाऱ्यांनी बैठकीत सांगितलं, तिसरी लाइन झाल्याशिवाय समितीच्या पाटीवर माझं नाव नको. ठेकेदार बदलला. मिस्त्री आले. सुरेखाला बोलावलं नव्हतं तरी ती जात राहिली, आपल्या सुट्ट्यांत. नवा ठेकेदार तिला विचारायचा, तुम्ही कुणाच्या वतीनं? ती म्हणायची, "माझ्या." पाऊसकाळ लागायच्या आत तिसऱ्या लाइनीवर स्लॅब पडला. दारं बसली. गावाच्या तोंडाशी जी दगडी पाटी आहे तिच्यावर सगळ्यांची नावं आहेत, सुरेखाचं नाही. तिला कुणी त्याबद्दल विचारलं तर म्हणते, "त्या पाटीखाली झोपायचंय का कुणाला?"

पुढं दोन हजार एकमध्ये कच्छला भूकंप झाला. आप्पा आता थकले होते, निवडणूकही हरले होते. एक दिवस ते काठी टेकत भीमनगरात आले. सुरेखानं खुर्ची दिली, चहा टाकला.

"तिकडं एक गाव घ्यायचं म्हणतोय," ते म्हणाले. "काम बघायला तू जाशील का?"

"जाईन. शेवटच्या घरापासनं काम सुरू करणार असाल तर."

"बघू."

"बघू न्हाई, आप्पा. व्हय म्हणा. न्हाईतर चहा घ्या आन् जावा."

आप्पांनी चहा घेतला. मग काठी टेकत उठले आणि आले तसे निघून गेले. समितीनं दुसऱ्या कुणाला तरी पाठवलं.

त्याच उन्हाळ्यात उमरग्याकडच्या बायांचा एक गट कच्छला निघाला. घरं पडल्यावर पुन्हा उभं कसं राहायचं ते तिथल्या बायांना सांगायला. रंगुबाई त्यात होती. तिनं शिरूरला एसटीडीवरून फोन केला. "सुरेखाबाई, तुमी येताव का तसं सांगा. न्हाईतर आमी जातावच."

सुरेखानं ऑफिसात बिनपगारी रजा मागितली. साहेब नको म्हणाले. ती नोकरी सोडून गेली.

भुजच्या पुढं एका खेड्यात त्यांची जीप थांबली. शेत आणि दगड यांच्यामध्ये नवी घरं उठत होती. तिथला साइटवरचा माणूस लगबगीनं पुढं आला, रंगवलेल्या पहिल्या ओळीकडं हात करून हिंदीत सांगायला लागला, किती भराभर काम चाललंय ते.

सुरेखानं पदर खोचला.

"वो बाद में," ती म्हणाली. "पहले पीछे का दिखाओ."