मागच्या सीटवरची परीक्षा

आमच्या दारामागं गाडीची एक जुनी स्प्रिंग उभी असते, तिच्यात आम्ही छत्री खोचतो. परवा ती पुसताना बोटांना गंजाचा वास लागला आणि कळमेश्वर रोडवरचं ते गॅरेज आठवलं. तेव्हा माझी गाडी वळणावर फार झुकायची आणि मागं बसलेले बाबा दारावरची मूठ घट्ट धरून ठेवायचे. स्प्रिंगा बदलून गाडी थोडी खाली बसवली की झुकणं कमी होणार होतं. पण मिस्त्रींनी समोर ठेवलेल्या तीन स्प्रिंगांपैकी मी बोट ठेवलं ते सगळ्यांत आखूड स्प्रिंगवर, कारण खरं सांगायचं तर तिनं गाडी झकास दिसणार होती. मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांच्या स्वतःच्या गाडीला तीच स्प्रिंग होती. त्यांनी त्या गाडीचं मागचं दार उघडलं. "तुह्या बाबाच्या जागेवर बस गा, सामोर बसून काय समजन तुले?" वळणांवर गाडी अशी चिकटून गेली की मी खूश झालो, मग त्यांनी ती गावाच्या रस्त्याला घातली आणि एकेक खड्डा कमरेतून मानेपर्यंत चढला. "आता सांग, कोणती लावू?" "मधली," मी कंबर धरून म्हणालो. मधलीनं गाडी जेमतेम दोन बोटं खाली आली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. काल रामटेकला जाताना वळणावर मी सवयीनं आरशात पाहिलं, तर मूठ मोकळी होती आणि बाबा दोन्ही हातांनी भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.