कागदावरचा अशक्तपणा

गेल्या महिन्यात गुडघ्याच्या गोळ्या आणायला सरकारी दवाखान्यात गेले होते. आता तिथं कंप्युटर आहे. खिडकीतली पोरगी नाव विचारते, आजार विचारते, टकटक करते, आणि मग तुम्ही खामगावला जा नाहीतर अकोल्याला जा, तिथल्या डॉक्टराला म्हणे सगळं दिसतं. कोणती गोळी, कधीपासून, सगळं. मला त्या यंत्राचं फार कौतुक आहे. का, ते सांगतेच.

माझ्या पुढं एक तरणी बाई होती, बोटाला सहा-सात वर्षांची पोर. खिडकीतलीनं विचारलं, हिला काय होतं? बाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अशक्तपणा लेहा."

पोर म्हणाली, "मले झटके येतेत ना वं माय?"

आईनं तिचं बोट दाबलं. खिडकीतलीचं डोकं यंत्रात, तिनं टकटक करून टाकलं. मी रांग सोडून बाकावर जाऊन बसले. तो शब्द मी पन्नासाहून जास्त वर्षांत ऐकला नव्हता. म्हणजे रोजच ऐकते, पण तसा नव्हता ऐकला.

माझी धाकटी आठ वर्षांची होती. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षंच झाली असतील. आम्ही जानेफळच्या बाजूला राहायचो, मळ्यात मिरची-वांगी. धाकटीला मिरगी होती. घरात कांदा हुंगवायचे, चप्पल नाकाला लावायचे, सासू मीठ ओवाळायची. दोन वर्षं असं केलं, मग तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस. त्यानं विचारलं, महिन्यात किती वेळा येते? मी म्हटलं, लय वेळा. तो म्हणाला, लय म्हणजे किती? मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, सांगणार काय. तर त्यानंच युक्ती दिली. भिंतीवर कोळशानं रेघ मारत जा, लहान झटका लहान रेघ, मोठा झटका मोठी रेघ. मी चुलीमागच्या भिंतीवर मारल्या. पहिल्या महिन्यात अकरा भरल्या. गोळी सुरू झाली, मग सहा, मग दोन, आणि पुढं अख्ख्या पावसाळ्यात एकही नाही. डॉक्टर इतका खूश झाला की मलाच म्हणाला, अर्धी डॉक्टरकी तुमची. आणि एक गोष्ट बजावून सांगितली. ही गोळी एक दिवस चुकवायची नाही. एकाएकी बंद केली तर होतं त्याच्यापेक्षा वाईट होईल. हे त्यानं मालकांना नाही सांगितलं, सासूला नाही. मला सांगितलं, आणि मी नीट ऐकलं होतं.

त्याच साली थोरलीला स्थळ आलं. नांदुऱ्याकडचं, माझ्या भावाच्या बायकोच्या नात्यातलं, वहिनीनंच आणलेलं. घर चांगलं, मुलगा शिकलेला. पण घरात मिरगी आहे म्हटल्यावर कोण मुलगी करून घेतं? सासू म्हणाली, वहिनीलेही कळू देजो नको, ती त्यायचीच. मला पटलं. खोटं कशाला बोलू, सासूच्या आधीच माझ्या मनात ते आलं होतं.

पाहुणे पाहायला येणार म्हणून मी घराला चुना काढला. चुलीमागची भिंतसुद्धा. दोन हात दिले तेव्हा रेघा बुजल्या.

मग दवाखान्यातला कागद. तेव्हा नवीनच मराठीत छापून यायला लागले होते. नाव, गाव, वय आणि आजार. कागद जुना होऊन फाटला की कंपाउंडर दुसरा भरून द्यायचा. तो डोणगावचा, ओळखीचा. मी त्याला म्हटलं, "भाऊ, मिरगी लेहू नका जी."

"मंग काय लेहू?"

"काही बी लेहा. अशक्तपणा लेहा."

तो हसला. "पोरगी तं गुटगुटीत हाय बाई. अशक्त तं तुम्हीच दिसून राह्यल्या." आणि लिहिलं त्यानं. मीही हसले होते. डॉक्टरांच्या जाड रजिस्टरात खरं होतं, इंग्रजीत. पण ते रजिस्टर कपाटात, कपाटाला कुलूप.

लग्न पंधरा दिवसांवर आलं. जागरणानं झटके येतात हे डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि घरात तर रात्रंदिवस माणसं. म्हणून धाकटीला भावाकडं नांदुऱ्याला पाठवलं. तिथं झोप होईल, लग्नाला मामा-मामीसोबत येईल. गोळ्यांची पुडी दिली, पुडीवर ना नाव ना काही. कागद दिला. वहिनीला निरोप दिला की शक्तीच्या गोळ्या आहेत, रोज एक द्या. पोरीलाही शिकवलं, कोणी विचारलं तर शक्तीची गोळी म्हण. हुशार होती, लगेच शिकली.

नांदुऱ्यात तिला हगवण लागली. वहिनीनं उशीर केला नाही, डॉक्टरकडं नेलं. त्यानं कागद पाहिला. अशक्तपणा. गोळ्या कशाच्या? वहिनी म्हणाली, शक्तीच्या. त्याच्या जागी कोणीही हेच सांगितलं असतं, की पोट बरं होईपर्यंत शक्तीची गोळी राहू द्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिला झटका आला. तो थांबायच्या आत दुसरा. भावानं माणूस धाडला, मी हाती लागेल ती एसटी धरून दुपार कलल्यावर त्या डॉक्टरच्या दवाखान्यात पोचले. पोरीला अजून झटके येतच होते, डोळे वर गेलेले, ओठ निळे. मी तिथं खाली बसून सगळं सांगितलं. मिरगी आहे, वर्षभरापासून गोळी आहे. वहिनी तेव्हा बाहेर पाणी आणायला गेली होती. डॉक्टरनं लगेच सुई दिली, दुसरी दिली. मग तो कागद हातात घेऊन माझ्याकडं पाहिलं.

"इथं अशक्तपणा लिहिलंय."

"हो," मी म्हटलं.

त्यानं कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. दिवस मावळायच्या आत पोरगी गेली.

भावाला सगळं कळलं होतं, तो बायकोजवळ बोलला नाही. गावाला आम्ही सांगितलं, ताप डोक्यात गेला. थोरलीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं म्हणून दोन महिन्यांनी लागलं, बिनवाजंत्रीचं.

अक्षरं मी त्याच्यानंतर शिकले, नातवंडांच्या पाट्यांवरून. वाचता यायला लागलं तेव्हा पेटीतला कागद काढला. त्यानं काय लिहिलंय हे मला ठाऊकच होतं. तरी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं.

वहिनी अजून आहे. भेटली की एकदा तरी विचारते, "ताई, माह्या हातून काही चुकलं होतं का वं? गोळ्या बंद नव्हत्या कराले पाहिजे का?" मी म्हणते, नाही वं, तुझं काय चुकणार. हे मी इतकी वर्षं म्हणत आले. खरं तिला अजून सांगितलं नाही. आधी थोरलीचा संसार होता, मग थोरलीच्या पोरींची लग्नं.

तर त्या दिवशी ती बाई बाकावर माझ्याजवळ येऊन बसली, आत नंबर लागायचा होता. मी तिला हे सगळं सांगितलं, आता लिहिलं तसंच. भिंत, कागद, पुडी. म्हटलं, बाई, यंत्र काय, आपण सांगू तेच लिहितं. खिडकी दोन पावलांवर आहे, जा आणि मिरगी लिहून घे.

तिनं सगळं ऐकलं. पदर तोंडाला लावला होता. पोर तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजली होती.

मग तिनं विचारलं, "अन् थोरलीचं टिकलं ना जी लग्न?"

"टिकलं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. आतून नंबर पुकारला तेव्हा पोरीला खांद्यावर घेतलं आणि सरळ आत गेली. खिडकीकडं वळली नाही.