तंबाखूत जपलेला कोट

मी बी.ए. झालो तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बेळगावच्या कॅम्पातून एक लोकरी कोट आणला. कुणा गोऱ्या अधिकाऱ्याने विलायतेला जाताना विकलेला. घोंगडीखेरीज दुसरी लोकर आमच्या घराने पाहिली नव्हती. पण तो घालायचा मात्र नाही. "नोकरीच्या मुलाखतीला पयल्यांदा," असा हुकूम झाला.

तोवर कसर लागू नये म्हणून थोरली बहीण, आक्का, कडुलिंबाचा पाला घेऊन आली. आप्पा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला. त्यांना पाला पटेना. "समदं खाणारं शेरडूबी तंबाखूला तोंड लावत न्हाय, तितं कसर काय लावतीया?" कोटाच्या घडीघडीत तंबाखूची पानं गेली. पाहुणे आले की ट्रंक उघडून आधी कोट दाखवायचा, पदवीचा कागद मागाहून.

बेळगावच्या एका शाळेचं बोलावणं आलं. जाहिरातीत 'निर्व्यसनी' हा शब्द पदवीच्याही आधी होता. सर्व्हिस मोटारीत अंग तापलं तसा कोटाला वास सुटला. शेजारच्या उतारूने आपुलकीने चुन्याची डबी पुढे केली.

मुलाखतीत अध्यक्ष शिंकले, मग चिटणीस.

"तंबाखू खाता?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही जी. कोटाला कसर लागू नये म्हणून ठेवली होती."

"दाखवा."

मी कोट काढून मोठ्या विश्वासाने पसरला. काखेत भोकं पडली होती. एकाच्या कडेला अळी निवांत बसली होती.

"हिला कुणी कळवलेलं दिसत नाही," अध्यक्ष म्हणाले.

नोकरी गेली हे मला कळून चुकलं. तेवढ्यात चिटणीस म्हणाले, "दात बघू."

मी तोंड उघडलं. बाजारात बैल पारखतात तसं दोघांनी वाकून पाहिलं. दात पांढरे निघाले. पदवीचा कागद कुणी उलगडलाही नाही, आणि मी शिक्षक झालो. त्या दोघांचे उपकार मी आजही मानतो.

घरी मी सगळं सांगितलं. आप्पांनी भोकांतून बोट घालून पाहिलं.

"निपाणीची कसर हाय ती. तिलाबी सवय लागली असंल."

"मग आता तरी पाला घालू व्हय?" आक्का म्हणाली.

"गप गं." त्यांनी ट्रंकेत दुप्पट तंबाखू पसरली आणि कोटाची घडी केली. "आता हेडमास्तर हुशील तवा घालायचा."